न उघडणारी यादी

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. आम्लहल्ल्यातून बचावलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन याचिकाकर्ता यांची तक्रार होती की, बँकेत खाते उघडताना ओळख पटवण्यासाठी पडद्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट त्यांना पाळताच येत नाही. न्यायालयाने वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. विज्ञानाच्या बातम्यांत अशा निकालाला सहसा जागा मिळत नाही. तरीही त्याच सुमारास बंगळुरूतील एका संशोधन संस्थेत एका भौतिकशास्त्रज्ञाने हा निकाल मन लावून वाचला. त्याच्याच हातून झालेली एक चूक त्याला त्या निकालाकडे घेऊन गेली होती.

संस्था दर उन्हाळ्यात देशभरातील एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना आठ आठवड्यांसाठी प्रयोगशाळेत बोलावते. त्यासाठीचा अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. हा अर्ज तयार करण्याचे काम ज्याच्याकडे येते त्याची निवड भौतिकशास्त्रातील पुरातन नियमाने होते: ज्याला थोडेफार संगणक येते, त्याच्याच गळ्यात ते पडते. हा तिशीतला शास्त्रज्ञ अतिशीत अणूंवर काम करीत असे आणि लेझरच्या नियंत्रणासाठी त्याने जावास्क्रिप्टमध्ये एक देखणा फलक लिहिला होता. समितीला तेवढे पुरेसे वाटले.

अर्जात नऊ ठिकाणी यादीतून निवड करायची होती: राज्य, विषय, वर्ष, प्रवर्ग, दिव्यांगत्वाचा प्रकार, महाविद्यालय वगैरे. अशा निवडीसाठी ब्राउझरमध्ये सिलेक्ट नावाचा घटक पूर्वीपासूनच आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० च्या मानकात तो आहे. म्हणजे तो आणि जावास्क्रिप्ट एकाच वर्षाच्या पत्रिकेवर नोंदलेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांचा देशातला पहिला व्यापक कायदाही १९९५ चाच. योगायोगांना अर्थ नसतो हे भौतिकशास्त्रज्ञाला शिकवावे लागत नाही, पण हा योगायोग पुढे त्याच्या कामी आला.

सिलेक्टची खोड एवढीच की तो कुरूप आहे, निदान समितीला तसे वाटले. त्याची उघडलेली यादी ब्राउझर किंवा संगणकाची मूळ प्रणाली स्वतःच्या हाताने रेखाटते. पानाच्या रंगसंगतीचा, अक्षरवळणाचा शिरकाव तिथे जेमतेमच होतो. शिवाय महाविद्यालयांची यादी शेकड्यांनी होती आणि तिच्यात शोधण्याची सोय हवी होती. म्हणून त्याने जे जगभरचे असंख्य लोक करतात तेच केले. मूळ सिलेक्ट पानावरून दिसेनासा केला, त्याच्या जागी डिव्ह नावाची साधी चौकट ठेवली, चौकटीत «निवडा» असे लिहिले, आणि तिच्यावर क्लिक होताच खाली यादी उलगडेल अशी योजना केली. निवडलेले मूल्य आतल्या अदृश्य सिलेक्टमध्ये गुपचूप लिहिले जाई. यादी अर्जाच्या चौकटीबाहेर जाताना कापली जात होती, म्हणून त्याने ती पानाच्या अगदी शेवटी जोडून, गणिताने तिची जागा काढून, रकान्याखाली आणून बसवली. नऊच्या नऊ याद्या एकाच साच्यातून निघाल्या. मोठ्या पडद्यावर त्या इतक्या सुबक दिसत की विभागप्रमुखांनीही दोनदा उघडून पाहिल्या.

अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपणार होती. बुधवारी रात्री छत्तीसगडमधून एक पत्र आले. लिहिणारी विद्यार्थिनी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती, दृष्टिहीन होती आणि संगणक एनव्हीडीएच्या साहाय्याने वापरीत होती. एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत कार्यक्रम आहे. मायकेल करन आणि जेम्स टे या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो घडवला. २००६ मध्ये त्याची सुरुवात झाली. अशा प्रकारचे इतर कार्यक्रम विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे नव्हते, हे त्यामागचे एक कारण.

पत्र विनयशील होते आणि एखाद्या चांगल्या प्रयोगवहीइतके नेमके. टॅबची कळ दाबत गेल्यावर नाव, ईमेल, दूरध्वनी हे रकाने लागतात, मग एकदम «संशोधनातील रुची» लागते. मधले काहीच लागत नाही. बाणाच्या कळांनी ओळ ओळ वाचत गेल्यास «निवडा» हा शब्द ऐकू येतो, पण ते बटण आहे, यादी आहे की नुसते वाक्य आहे हे समजत नाही. त्याच्यावर एंटर दाबले तर काहीच ऐकू येत नाही. तिने तरीही पान शेवटपर्यंत वाचले, तेव्हा तळाशी, संस्थेचा पत्ता आणि पिनकोड यांच्यानंतर, तिला आंध्र प्रदेश, अरुणाचल प्रदेश, आसाम अशी राज्ये ओळीने सापडली. ती तिथे का आहेत हे तिला कळले नाही. तिने छत्तीसगडवर एंटर दाबले. सगळी राज्ये नाहीशी झाली. निवड झाली की नाही हे सांगायला कोणी नव्हते. शेवटी तिने «सादर करा» दाबले आणि काहीही झाले नाही. «सर, माझ्याकडून काही चुकत असेल तर कृपया सांगावे,» असा पत्राचा शेवट होता.

त्याने माऊस बाजूला ठेवला, एनव्हीडीए उतरवून घेतला आणि पडदा काळा करून स्वतःचा अर्ज भरायला बसला. पाऊण तासात त्याला स्वतःचे राज्य निवडता आले नाही.

इथे तिचे शेवटचे वाक्य थोडे बाजूला काढून पाहायला हवे, कारण «सादर करा» हे बटण केवळ तिच्यासाठीच मुके नव्हते. गेले दहा दिवस «बटण चालत नाही» अशा तक्रारी तुरळक येत होत्या आणि त्याने त्या सगळ्या मंद इंटरनेटच्या खाती जमा केल्या होत्या. खरे कारण वेगळे होते. दिसेनासा केलेला सिलेक्ट «आवश्यक» म्हणून नोंदलेला होता. एखादा आवश्यक रकाना रिकामा राहिला की ब्राउझर अर्ज अडवतो, त्या रकान्यावर लक्ष नेतो आणि शेजारी सूचना दाखवतो. पण रकाना पानावर मांडलेलाच नसेल तर लक्ष न्यायचे कुठे? क्रोमसारखा ब्राउझर अशा वेळी अर्ज अडवतो आणि त्याची तक्रार फक्त विकसकाच्या नोंदपटावर लिहितो, जिथे अर्जदार कधी फिरकत नाही. दिसणाऱ्या डोळ्यांनीही त्या अर्जाशी झटापट करून किती जण परत गेले असतील, याचा हिशेब कुठेच नव्हता. दृष्टिहीन विद्यार्थिनीने लिहिले. इतरांनी कदाचित दुसरी संस्था शोधली.

गुरुवारी सकाळी त्याने समन्वयकांना भेटून मुदत सर्वांसाठी आठवडाभर वाढवून घेतली. मुदतवाढीचे कारण «तांत्रिक अडचण» असे छापले गेले. हा शब्द आपल्याकडे फार सोयीचा आहे. त्यात कर्ता नसतो.

मग दुरुस्ती सुरू झाली. डिव्हला टॅबच्या वाटेवर आणायला एक गुणधर्म पुरतो, टॅबइंडेक्स शून्य. ही पहिली पायरी. दुसरी म्हणजे आपण कोण आहोत हे त्या चौकटीने बोलून दाखवणे. त्यासाठी एआरआयए नावाची शब्दावली आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने तिची पहिली आवृत्ती मार्च २०१४ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. चौकटीची भूमिका कॉम्बोबॉक्स, यादीची लिस्टबॉक्स, प्रत्येक पर्यायाची ऑप्शन. यादी उघडी की मिटलेली हे सांगणारा एक गुणधर्म. कोणती यादी कोणत्या चौकटीची हे सांगणारा दुसरा. त्यातला सर्वांत चतुर गुणधर्म म्हणजे ॲक्टिव्ह-डिसेंडंट. कळफलकाचे लक्ष चौकटीवरून हलतच नाही. खालचा बाण दाबला की चौकट केवळ «आता अमुक पर्याय चालू आहे» असे त्याच्या ओळखक्रमांकाने बोट दाखवून सांगते आणि वाचक-कार्यक्रम तो पर्याय उच्चारतो. कॉम्बोबॉक्सची रचना नेमकी कशी असावी याविषयी खुद्द मानक लिहिणाऱ्यांचेच मत दोनदा फिरले: १.१ आवृत्तीत ती भूमिका बाहेरच्या वेष्टनाकडे गेली आणि जून २०२३ च्या १.२ आवृत्तीत पुन्हा आतल्या रकान्याकडे आली. त्यामुळे जुनी उदाहरणे पाहून लिहिणारा माणूस प्रामाणिकपणेही चुकू शकतो.

पण शब्दावली केवळ नामकरण करते. «मी यादी आहे» असे म्हटल्याने डिव्ह यादीसारखी वागू लागत नाही; ते वागणे कळ-कळ लिहून काढावे लागते. खाली, वर, होम, एंड, एंटरने निवड, एस्केपने निवड न बदलता मिटणे, टॅबने मिटून पुढे जाणे, अक्षर दाबताच त्या अक्षराच्या पर्यायावर उडी आणि दोन अक्षरे झटपट दाबली तर दोन्हींचा मिळून शोध. चालू पर्याय यादीच्या दिसणाऱ्या भागाबाहेर गेला तर यादी सरकवणे. त्याच्या वहीत अशी सतरा वागणुकी जमल्या. यातले प्रत्येक काम मूळ सिलेक्ट न सांगता करीत होता.

त्या रात्री सर्वाधिक वेळ मात्र एका निराळ्याच गोष्टीत गेला. टॅबने पुढे गेल्यावर यादी मिटायला हवी, म्हणून त्याने «लक्ष हटले की यादी बंद कर» अशी ओळ लिहिली. कळफलक व्यवस्थित चालू लागला आणि माऊस बंद पडला. पर्यायावर क्लिक केले की यादी मिटे, निवड मात्र होत नसे. कारण क्लिक ही एक घटना नाही. ती एक मालिका आहे. आधी माऊसचे बटण खाली जाते, त्या क्षणी चौकटीवरचे लक्ष हटते, मग बटण वर येते, आणि त्यानंतरच क्लिक घडते. लक्ष हटताच यादी नाहीशी झालेली असल्यामुळे क्लिक पडायला पर्यायच उरत नसे. अणूवर प्रकाशाचा स्पंद पडण्याआधीच सापळा बंद करावा, तसा हा प्रकार. त्यावर प्रचलित तोडगा असा की यादी दोनशे मिलिसेकंद उशिरा मिटवायची. त्याने तो करून पाहिला. त्याच्या संगणकावर तो चालला, ग्रंथालयातल्या जुन्या संगणकावर कधी चालला, कधी नाही. मोजमापाच्या क्षेत्रात आयुष्य गेलेल्या माणसाला असा अंदाजाचा विलंब झोपू देत नाही. पहाटे तीनच्या सुमारास खरे उत्तर सापडले, आणि ते एका ओळीचे होते: यादीवर बटण खाली जाण्याच्या घटनेचा नेहमीचा परिणामच रोखायचा. मग लक्ष हटतच नाही, आणि क्लिक निर्विघ्नपणे पार पडते.

आतल्या सिलेक्टचे मूल्य जावास्क्रिप्टने बदलले तर «बदल झाला» ही घटना आपोआप घडत नाही, ती हाताने घडवावी लागते. अर्ज कोरा करण्याची घटना रकाने कोरे होण्याच्या आधी घडते, म्हणून तिथेही क्षणभर थांबूनच वाचावे लागते. अशा बारीकसारीक गोष्टी शुक्रवारी दुपारपर्यंत आवरल्या. संध्याकाळी त्याने विद्यार्थिनीला दूरध्वनी केला आणि तिने तिकडून अर्ज उघडला. तिच्या संगणकाचा वेगवान, सपाट आवाज दूरध्वनीतून ऐकू येत होता. «राज्य, कॉम्बो बॉक्स, कोलॅप्स्ड.» तिने ‹छ› दाबला. «छत्तीसगढ़.» दोघेही काही क्षण बोलले नाहीत.

अर्ज हिंदी आणि इंग्रजीत होता. महाविद्यालयाच्या रकान्यात तिने हिंदीत ‹रायगढ़› लिहिले आणि शोधाचे फळ शून्य आले. यादीत तर रायगढ़ होते. त्याने तिच्याकडून तो शब्द ईमेलने मागवला. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसत होते. युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ‹ढ़› दोन प्रकारांनी लिहिता येतो: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा ‹ढ› आणि त्याखाली वेगळा नुक्ता म्हणून. तिच्या कळफलकातून दुसरा प्रकार उमटत होता, यादी पहिल्या प्रकाराने भरलेली होती, आणि संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द होते. जावास्क्रिप्टमध्ये नॉर्मलाइझ नावाची सोय याचसाठी आहे. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंना तिच्यातून काढले की भेद मिटतो. मराठी माणसाला ‹ढ़› क्वचितच लागतो, पण ‹दुसऱ्या›, ‹वाऱ्या› यांतल्या ‹ऱ› चीही तीच कथा आहे. इंग्रजीपुरते तपासून बाहेर पडलेल्या शोधपेट्या भारतीय लिप्यांत अशा निःशब्दपणे चुकतात आणि वापरणाऱ्याला वाटते, आपलेच महाविद्यालय यादीत नसेल.

राहिला दिव्यांगत्वाचा प्रकार. ती यादी तिने पहिल्यांदाच ऐकली, आणि ऐकून झाल्यावर विचारले, «सर, बाकीचे कुठे आहेत?» यादीत सात पर्याय होते. संस्थेच्या एका जुन्या अर्जावरून ती जशीच्या तशी उतरवली गेली होती, आणि तो अर्ज १९९५ च्या कायद्यावर बेतलेला होता. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत: थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन, आम्लहल्ल्याने आलेले अपंगत्व. «माझा पर्याय तुमच्याकडे आहे,» ती म्हणाली, «माझ्या भावाचा नाही. त्याला सिकल सेल आहे. तोही बी.एस्सी.ला आहे, दोन वर्षांनी हाच अर्ज भरेल.» कळफलकाच्या सतरा वागणुकी अचूक करून ठेवलेल्या यादीत चौदा माणसांना जागाच नव्हती, आणि या दोषावर जावास्क्रिप्टची कोणतीही ओळ लागू पडणार नव्हती.

त्या आठवड्यात त्याने बरेच वाचन केले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेव्हाच हाती आला. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे पहिल्यांदा २००९ मध्ये आली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची, हेही त्याला तेव्हाच कळले. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठीच आहे. २०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी सुमारे पन्नास लाखांना दृष्टीचे अपंगत्व होते. दिल्लीच्या कार्तिक साहनी या दृष्टिहीन विद्यार्थ्याला शालेय वयात विज्ञान शाखा मिळवण्यासाठीच झगडावे लागले आणि पुढे तो स्टॅनफर्डला गेला, ही बातमी त्याने कधी काळी वाचली होती. ती पुन्हा शोधून वाचली. विज्ञानात दृष्टिहीन विद्यार्थी का दिसत नाहीत, या प्रश्नाची त्याच्याकडे तोवर काही मोठी, सामाजिक उत्तरे होती. आता त्याच्याकडे एक फार लहान उत्तरही होते आणि ते त्याने स्वतः लिहिलेले होते.

वाढवलेल्या मुदतीच्या चौथ्या दिवशी त्याने नऊपैकी आठ याद्यांवरचे आपले सगळे काम काढून टाकले आणि तिथे साधे सिलेक्ट परत ठेवले. दिव्यांगत्वाच्या यादीत एकवीस पर्याय भरले. स्वतः घडवलेली यादी केवळ महाविद्यालयासाठी ठेवली, कारण शेकडो नावांत शोधण्याची गरज खरी होती. तीही अशी की जावास्क्रिप्ट पोहोचलेच नाही तर मागचा सिलेक्ट आपोआप उभा राहावा. समितीतील एकाने रंग जुळत नसल्याचे निदर्शनास आणले. त्यावर त्याच्याकडे एक उत्तर होते: २०२५ मध्येच क्रोमच्या १३५ व्या आवृत्तीपासून मूळ सिलेक्टलाच हवे ते रूप देण्याची सोय झाली आहे, अपिअरन्स या गुणधर्माला बेस-सिलेक्ट हे मूल्य दिले की पुरे, आणि ज्या ब्राउझरना ते समजत नाही ते ती ओळ दुर्लक्षून जुनीच यादी दाखवतात. कळफलक, उच्चार, अर्ज सादर होणे, सगळे मूळचेच राहते. त्याने चार ओळी लिहिल्या, रंग जुळला, समिती संतुष्ट झाली.

विद्यार्थिनीची निवड झाली. जूनमध्ये ती बंगळुरूला आली. पहिल्या संध्याकाळी तो तिला भेटायला संस्थेच्या नव्या अतिथिगृहात गेला, तेव्हा ती तळमजल्यावर लिफ्टसमोर थांबलेली होती. लिफ्टमध्ये बटणे नव्हती. भिंतीवर काळ्या काचेचा गुळगुळीत स्पर्शपट होता आणि त्यावर मजल्यांचे आकडे उजळत होते. तिची खोली चौथ्या मजल्यावर होती.

«जिना कुठे आहे, सर?» तिने विचारले.